चाकाखालचा दगड

डेट्रॉइटजवळच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना हसायला संकोच वाटायला नको.

गेल्या उन्हाळ्यात आई पुण्याहून माझ्याकडे नोव्हाय गावी आली, तेव्हा तिच्यावर छाप पाडायला मी ट्रॅव्हल ट्रेलर भाड्याने घेतला. आत गॅस, पलंग, मोरीसुद्धा. तो पिकअपला जोडून आम्ही दोघंच एका तळ्याकाठी कॅम्पिंगला गेलो. बाबांनी हयातभर ट्रक चालवला. आपला मुलगाही एवढं धूड चालवतो, हे तिने बघावं एवढीच हौस.

पोचल्यावर आई चहा करायला ट्रेलरमध्ये शिरली आणि मी तो पिकअपपासून सोडवायला घेतला.

"चाकाला दगड लावलास का रे?" तिने दारातून विचारलं. बाबांच्या ट्रकवरचा क्लीनर गाडी थांबताच आधी दगड लावायचा, मग बाबा उतरायचे.

"आई, इथे दगड नाही लावत. सगळं सिस्टिमॅटिक असतं."

सिस्टिमॅटिक म्हणजे चाकाला लावायचे दोन पिवळे ठोकळे. ते पिकअपमध्ये पिशवीतच राहिले होते. शेजारच्या तंबूतले आजोबा मदतीला उठले, त्यांनाही मी "आय गॉट इट" म्हणून बसवलं. साखळ्या काढल्या, जॅक फिरवून ट्रेलरचं तोंड वर उचललं. ते पिकअपवरून सुटलं मात्र, ट्रेलर उताराने मागे निघाला. मागे तळं, आत आई आणि पेटलेला गॅस.

मी तो दोन्ही हातांनी धरला. दावं ओढणाऱ्या म्हशीमागे पोर फरफटावं तसा फरफटत गेलो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. चार-पाच पावलांवर ट्रेलर पाइनच्या झाडाला टेकून थांबला. त्यात माझ्या ब्रेकच्या ज्ञानाचा काहीही वाटा नव्हता.

गॅस बंद करून आई बाहेर आली. सांडलेलं पाणी अजून तापलं नव्हतं, म्हणून नुसता पदर भिजला होता. "लागलं का, भाजलं का," मी विचारत राहिलो. तिने शेकोटीच्या कडेचा दगड उचलला, चाकामागे सरकवला, पायाने दाबून बघितला.

"इंजिनियर झालास ते बरं झालं," ती म्हणाली. "बाबांनी तुला क्लीनर म्हणून ठेवलं नसतं."

मग ती पुन्हा आधण ठेवायला आत गेली. चहा होईपर्यंत मी त्या दगडावर पाय देऊन उभा होतो.