देवाची, की नुसती खऱ्याची?

माझे दाजी कोर्टात साक्षीदारांना शपथ द्यायचे. सव्वीस वर्षं तेच काम. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की जरा वाकून विचारायचे, "देवाची, की नुसती खऱ्याची?" नियमात दोन्ही शपथा होत्या, दोन्हींची पुठ्ठ्याची कार्डं दाजींच्या खिशात असत. पण विचारायची तसदी दुसरं कोणी घेत नसे. वकील त्यांना शपथमास्तर म्हणून चिडवत. मी त्याच कोर्टात टायपिस्ट, मीही त्यांच्यात सामील.

दाजी नास्तिक असते तर एक वेळ समजलं असतं. पण हा माणूस देवापुढे तासभर बसल्याशिवाय चहाला शिवत नसे.

मग नवा अधीक्षक आला. त्याने रोज साडेदहाला सगळ्या कर्मचाऱ्यांना उभं करून प्रार्थना सुरू केली. कोण ओठ हलवत नाही, ते हा भामटा एक डोळा किलकिला ठेवून बघायचा. पहिल्या दिवसापासून तो माझ्या डोक्यात गेला. तरी मी ओठ हलवले, खोटं कशाला सांगू.

दाजींना त्याने बजावलं, "तो प्रश्न बंद करा. देव नको म्हणणारा साक्षीदार खोटाच असतो."

दुसऱ्या दिवशी एक शिंपीण साक्षीला आली. दाजींनी विचारलंच.

"नुसती खऱ्याची," ती म्हणाली.

मागच्या बाकांवर गलका झाला. "हाकला हिला!" कुणीतरी चप्पलही उगारली. अधीक्षकाला तेवढंच हवं होतं. दाजी लोकांना देवाविरुद्ध भडकवतात म्हणून त्याने चौकशी लावली. चूक झाली असं लिहून द्या, नाहीतर नोकरी जाईल आणि कोर्टामागच्या राहत्या दोन खोल्याही.

ताईने घर डोक्यावर घेतलं. "एक ओळ लिहायला काय हात झिजतात तुमचे? ती शिंपीण कोण लागते तुमची?"

"कुणी नाही. तिच्या मनातलं मला कळत नाही, म्हणून तर विचारतो."

"मग माझ्या मनातलं विचारा ना कधीतरी!"

मला ताईचंच पटत होतं.

चौकशीला अधीक्षकच बसला, टायपिंगला मी. जबाबाआधी त्याने स्वतः कार्ड हातात घेतलं आणि हसत म्हणाला, "म्हणा, देवाला साक्षी ठेवून..."

दाजी बोलेनात.

"काय झालं? तुम्ही तर मोठे भक्त ना?"

"साहेब, तुम्ही मला विचारलं नाहीत."

"काय विचारायचं?"

"देवाची, की नुसती खऱ्याची. विचारा, सांगतो."

अधीक्षकाचं हसू मावळलं. एवढं विचारलं असतं तर दाजींनी देवाचीच घेतली असती, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. पण विचारलं तर प्रश्न योग्य ठरत होता. तो माझ्याकडे वळून खेकसला, "लिही. शपथ घेण्यास साफ नकार."

मी लिहिलं. त्या एका वाक्यावर दाजींची नोकरी गेली.

खोल्या रिकाम्या करायला मी गेलो. ताई माझ्याशी बोलली नाही. दाजींनी पलंगाचं एक टोक धरलं, मला दुसरं धरायची खूण केली आणि जरा वाकून, नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "ते वाक्य टाइप केलंस, ते कुठल्या शपथेवर रे? देवाची, की नुसती खऱ्याची?"

मी खाली बघत पलंग उचलला.