एकेचाळीस टॉर्च

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कामावर सगळे काजवा म्हणत. शर्टाच्या खिशात एक, पँटच्या खिशात एक, कमरेच्या पट्ट्याला एक आणि कपाळाला बांधलेला एक, असे चार टॉर्च अंगावर बाळगून तो भर दुपारी एखाद्या इमारतीत शिरायचा. दारावरचा पहारेकरी हमखास विचारायचा, "काय काजवेशेठ, आज सूर्य कमी पडला वाटतं?"

"तुमच्या सूर्याला म्हणावं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दाखव," काजवा म्हणायचा आणि हत्यारांची पिशवी सावरत आत जायचा.

घरी आणखी सदतीस होते. चव्वेचाळीस वर्षांचा काजवा आणि त्याची आई, दोघांच्या त्या घरात कपड्यांच्या कपाटाचे वरचे दोन कप्पे टॉर्चना दिलेले. आई टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. एकतीस वर्षं तिने लोकांची बोलणी जोडून दिली होती. शहरातले पाचशे नंबर तिला तोंडपाठ होते, त्यातले निम्मे अजूनही पाठ आहेत असं ती म्हणायची. पण त्या नंबरांवर आता कोणीच राहत नसल्यामुळे ते तपासून बघता येत नव्हतं.

काजव्याला हे वेड कामातूनच लागलं. पहिला पगार झाला तेव्हा त्याने बाजारातला सगळ्यात झगझगीत टॉर्च आणला. लिफ्टच्या डब्यावर उभं राहून तो लावला, तर समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून सगळा उजेड परत त्याच्याच डोळ्यांत आला. पुढची दोन मिनिटं त्याला स्वतःचे हातही दिसेनात, आणि गुडघा लोखंडी पट्टीवर आपटला. त्या दिवसापासून तो मंद उजेडाचा माणूस झाला. डोळ्यांना जरा सवय होऊ दिली की तांदळाच्या दाण्याएवढा उजेडही पुरतो, हे तो नव्या मेकॅनिकांना सांगायचा. ते हसायचे. मग एका निळसर उजेडाच्या टॉर्चमध्ये त्याला तांबडी आणि तपकिरी वायर एकसारखी दिसली. त्याने जोडणी केली, लिफ्ट खाली पाठवली, आणि ती निवांतपणे वर निघून गेली. तेव्हापासून तो कुठलाही टॉर्च घेण्याआधी दुकानात खिशातून तांबडा दोरा काढून त्यावर उजेड पाडून बघायचा. दुकानदाराला वाटायचं, गिऱ्हाईक शिंपी आहे.

पण सगळ्यात पक्का धडा मांडीवर होता. एकच टॉर्च बाळगायचा त्या काळात एकदा खड्ड्यात वाकून काम करताना खिशातल्या टॉर्चचं बटण आपोआप दाबलं गेलं. मांडीला चटका बसला तेव्हा त्याला कळलं. पँटला भोक पडलं, वर सेल संपला, आणि तेवढ्यात इमारतीची वीज गेली. तो तासभर त्या काळोखात तेलाचा वास घेत बसून राहिला. त्यानंतर त्याने टॉर्चप्रेमी लोक करतात ते सुरू केलं. टॉर्चचं मागचं झाकण पाव वळसा सैल करून ठेवायचं. झाकण सैल असलं की आतला जोड तुटतो, मग बटण कितीही दाबलं तरी उजेड पडत नाही. वापरायच्या वेळी पाव वळसा घट्ट करायचं, काम झालं की पुन्हा सैल.

घरातल्या टॉर्चना मात्र हा नियम नव्हता. मोरीच्या दाराशी एक आणि बोळात एक, असे दोन टॉर्च त्याने खास आईसाठी खुंटीला टांगले होते. घराच्या मधल्या भागाला खिडकी नव्हती. वीज गेली की भर सकाळी तिथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. म्हणून या दोघांची झाकणं कायम घट्ट. तशी चिठ्ठीच त्याने त्यांच्यावर चिकटवली होती.

दर रविवारी तो पलंगावर जुनी चादर पसरायचा, एकेचाळीसच्या एकेचाळीस टॉर्च ओळीने मांडायचा, प्रत्येकाचे आटे पुसायचा, बोटावर जरासं ग्रीस घेऊन फिरवायचा, लावून बघायचा, बंद करून ठेवायचा.

"भरला का बाजार?" आई दारातून विचारायची.

"तुला कुठला हवा?"

"मला एकच पुरे. पण लागणारा."

हे ती थट्टेने म्हणायची. तोवर तरी थट्टाच होती.

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता वीज गेली. आई मोरीत होती. तिने दाराशी हात घालून टॉर्च काढला, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. भिंत चाचपत ती बोळात आली, दुसरा घेतला, दाबला. तोही तसाच. तिसरा कुठे असेल याचा विचार करत तिने पाऊल टाकलं, ते ओल्या पायपुसण्यावर पडलं. उजवं मनगट मोडलं.

काजवा कामावरून धावत आला, आईला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून घरी आणलं, आणि मग खुंटीकडे गेला. पहिली शंका त्याला झाकणाचीच आली. त्याने मोरीजवळचा टॉर्च हातात घेतला, झाकण निरखून पाहिलं. घट्ट होतं. बटण दाबलं. बोळ उजळला. दुसरा घेतला. तोही घट्ट, तोही लागला.

"आई, दोन्ही लागतात."

"माझ्या हातात नाही लागले."

"बटण नीट दाबलंस का?"

"एकतीस वर्षं बटणंच दाबलीत मी. तू मला शिकवू नकोस."

त्याने सेल बदलले, आटे पुसले, आतली स्प्रिंग ओढून पाहिली. कुठेच काही नव्हतं. शेवटी टॉर्च लावून त्याने आईच्या डाव्या हातात दिला. "हा घे. लागला की नाही?"

"लागला," आई म्हणाली. उजेडाकडे न बघता ती त्याच्याकडे बघत होती.

शुक्रवारी तो कामावर गेल्यावर आईने मुद्दाम खुंटीवरून टॉर्च काढून पाहिला. लागला नाही. संध्याकाळी तिने तसं सांगितलं. त्याने टॉर्च हातात घेतला, लावला. लागला. दोघं त्या उजेडात समोरासमोर उभी राहिली, आणि कोण कोणाची समजूत काढणार हे दोघांनाही कळेना.

त्या रात्री काजव्याला नीट झोप लागली नाही. यंत्र खोटं बोलत नाही, यावर तो पोट भरत होता. आणि आई खोटं बोलत नाही, यावर तो लहानाचा मोठा झाला होता. दोन्ही खरं धरलं तर काहीच जुळत नव्हतं. त्यापेक्षाही वाईट होतं ते आईचं वागणं. ती आता गॅस बंद केल्यावर तीन तीनदा जाऊन बघायची. कुलूप लावून परत ओढायची. एकदा त्याने तिला जुने टेलिफोन नंबर पुटपुटताना ऐकलं. मध्येच ती थांबली, परत पहिल्यापासून म्हणू लागली.

दुसऱ्या शहरात राहणाऱ्या ताईला फोनवरून हे कळायला वेळ लागला नाही. थोरली बहीण ती. तिने दोन वाक्यांत निकाल लावला. "मागच्या महिन्यात आईने मिठाचा डबा फ्रिजमध्ये ठेवला होता. आता चालू बॅटरी बंद आहे म्हणते. तुला अजून काय व्हायला हवंय?"

"ताई, मीठ मीसुद्धा ठेवलं असेल."

"तू ठेवलंस का?"

"आठवत नाही."

"झालं! आता दोघांनाही दाखवू."

बुधवारी ताई आली ती आईची बॅग भरायलाच. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं, डॉक्टर म्हणाले की आईचं डोकं आता पहिल्यासारखं नाही, तर आई त्याच संध्याकाळी ताईकडे. हे घर नाही, ही गॅलरी नाही, एकटीने बाहेर जाणं नाही. ताई मायेनेच करत होती, म्हणून तिच्याशी भांडताही येत नव्हतं. आई पलंगाच्या कडेला बसून आपल्या साड्यांच्या घड्या बॅगेत जाताना पाहत राहिली. मग एवढंच म्हणाली, "हिरवी राहू दे. ती मी इथे नेसते."

गुरुवारी दवाखान्यात निघताना तिने काजव्याला हाक मारली. "बोळातली बॅटरी दे. पर्समध्ये ठेवते."

"कशाला?"

"असू दे."

त्याने खुंटीवरून टॉर्च काढला, लावून पाहिला, बंद करून तिच्या पर्समध्ये ठेवला. चांगला लागत होता. त्याला वाईटच वाटलं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आईला वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग म्हणाल्या, "आजी, शंभरातून सात वजा करत चला."

"कुठपर्यंत?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट..." आई थांबेना. ताईने काजव्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी हसून हात वर केला आणि डोळे तपासायला टेबलावरचा पेनाएवढा टॉर्च उचलला. तो पिवळा, मलूल लागला. त्यांनी तो तळहातावर आपटला. तो विझला.

काजवा खुर्चीतून अर्धा उठला. टॉर्च आपटणारी माणसं त्याला बघवत नसत. पण आईनेच पर्स उघडली. "ही घ्या. हिचीच तर केस आहे."

"डॉक्टर, सुरुवातीला अगदी मंदच लागेल, डोळ्यांना त्रास नाही," काजवा घाईघाईने म्हणाला.

डॉक्टरांनी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. टॉर्च उलटा करून बघितला.

"हा चालत नाही."

"चालतो," काजवा म्हणाला. त्याने टॉर्च घेतला, लावला. मंद, उबदार उजेड टेबलावर पडला. त्याने तो बंद केला आणि टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी उचलला, दाबला. काही नाही.

 आई पदर सावरत ताईला म्हणाली, "आता यांनाही घेऊन जाणार का तुझ्याकडे?"

ताईने टॉर्च ओढून घेतला. दाबला. अंगठा दुखेपर्यंत दाबला. "मेला लागत कसा नाही!" काजव्याने घेतला. लागला. त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडायला लागला होता. खोलीतल्या तिघींच्या हातात बंद आणि आपल्या एकट्याच्या हातात चालू, अशी वस्तू त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"आता माझ्यासमोर, अगदी हळू लावा," डॉक्टर म्हणाल्या.

त्याने बंद टॉर्च हातात घेतला. हळू.

"थांबा. ही दोन बोटं काय करताहेत?"

काजव्याने खाली पाहिलं. त्याचा अंगठा आणि पहिलं बोट मागच्या झाकणावर होतं. ती दोघं झाकण फिरवत होती. पाव वळसा, घट्ट. कोणी सांगितलेलं नसताना, रोज सकाळी दात घासतो तितक्या सहज. त्याने बटण दाबलं, उजेड पडला. बंद केलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तीच बोटं झाकण परत सैल करून मोकळी झाली.

म्हणजे खुंटीवरच्या टॉर्चचं झाकण त्याने निरखून पाहिलं होतं ते बोटांनी घट्ट केल्यावर. आईच्या हातात दरवेळी दिला तो लावलेला. आणि दर रविवारी, कायम घट्ट अशी चिठ्ठी लावलेले ते दोन टॉर्च तोच आपल्या हाताने बंद करून टांगत होता.

"हे मी करत नाही," तो म्हणाला. ते किती विचित्र ऐकू आलं हे त्याला लगेच कळलं. "म्हणजे... घरच्या टॉर्चना करत नाही. तसा नियम आहे माझा."

"नियम तुमचा असेल," डॉक्टर म्हणाल्या, "हाताला सांगितला नाहीत."

त्यांनी आईचे डोळे त्याच टॉर्चने तपासले, या वेळी काजव्याकडून तो लावून घेऊन. तीन शब्द विचारले. आईने ते सांगितले आणि टेबलावरच्या पाटीवरचा दवाखान्याचा नंबरही उलट्या क्रमाने म्हणून दाखवला. डॉक्टरांनी ताईला सांगितलं की वयाच्या मानाने सगळं उत्तम आहे, मनगट सांभाळा. मिठाच्या डब्याचं काय, हे ताईने विचारलंच. "मीही फोन फ्रिजमध्ये ठेवते कधीकधी," डॉक्टर म्हणाल्या.

 रिक्षात काजवा आपला उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "आई, तुझं मनगट माझ्यामुळे..."

"चुकून," आई म्हणाली. "पण दहा दिवस मला वेडी ठरवलंस ते?"

 ताईने बाहेर रस्त्याकडे बघत बघत आईचा डावा हात आपल्या हातात घेतला. घरी आल्यावर तिने बॅग उघडली आणि साड्या परत कपाटात लावल्या. हिरवी सगळ्यात वर.

रविवारी चादर पसरली गेली. या वेळी आई दारात थांबली नाही, पलंगावर येऊन बसली, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून. काजवा एकेक टॉर्च पुसायचा, लावायचा, बंद करून तिच्या डाव्या हाताशी ठेवायचा. घरच्या दोघांची पाळी आली तेव्हा तो सावध झाला. बोळातला टॉर्च त्याने हळूच पुसला. झाकणाला बोट लावायचं नाही, असं स्वतःला दोनदा बजावलं. लावला, बंद केला, आईला दिला.

आईने बटण दाबलं. उजेड पडला नाही.

"मी या वेळी फिरवलं नाही. शपथ!"

"मी कुठे काय म्हटलं?"

दोघांनी मिळून त्याच्या बोटांकडे पाहिलं. ती चादरीवर शांत पडली होती, जशी काही त्या गावचीच नव्हेत. आईने टॉर्च छातीशी धरला, डाव्या हाताने झाकण पाव वळसा फिरवलं आणि परत दाबलं. मंद उजेड तिच्या प्लास्टरवर पडला.

"ही मी टांगते," ती उठत म्हणाली. "तू हात लावू नकोस."