गव्हर्नरच्या खुर्चीत कानबाई

ती खुर्ची आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही! ऐंशीचं दशक सरत आलेलं, मी धुळ्यात फौजदार. इंग्रजांच्या काळात मुंबईचा गव्हर्नर खानदेशच्या दौऱ्यावर आला की ज्या बंगल्यात उतरायचा, तिथून त्याची सागवानी खुर्ची चोरीला गेली. दोन्ही हातांवर कोरलेले सिंह! संशय थेट चौकीदार नानांवर. निवृत्ती तोंडावर आलेली, त्यात निलंबन. पेन्शनच बुडणार होती.

"साहेब, माझा बाप त्या बंगल्यात पंखा ओढायचा," नाना जबाबात म्हणाले. "गव्हर्नर बुटांसकट पाय सिंहावर टाकून दारू प्यायचा. जहागीरदार समोर अनवाणी उभे! बाप त्या खुर्चीची धूळ पुसायलाही भ्यायचा. मी विकू?"

श्रावणात, खानदेशची देवी कानबाई घरोघरी बसते त्या रविवारी, माझा ताशेवाला खबऱ्या ठाण्यात धावत आला. "साहेब, शिरपूरकडे एका घरी कानबाई दोन सिंहस्ना मधमा बठेल शे!"

घर निघालं बंगला रंगवणाऱ्या ठेकेदाराचं. नथ घातलेली, शालू नेसलेली देवी, आणि शालूखालून डोकावणारे सिंह! पण कानबाई रविवारी बसली की सोमवारी विसर्जनालाच उठते. हवालदार पुढे सरकला, तर बायकांनी त्याला नजरेनंच मागे ढकललं.

"नवी करून आणलीय," ठेकेदार म्हणाला.

दरडावलं असतं तर तो वकिलाकडे पळाला असता. मी त्याच्या आईशेजारी सतरंजीवर मांडी ठोकली. "अक्का, हुबेहूब अशी खुर्ची गव्हर्नरची होती बरं का!" मग बूट, दारू, अनवाणी जहागीरदार, सगळा इतिहास हातवाऱ्यांसह रंगवला. "पण ही तर कोरी. देवीला काय काळजी?"

ठेकेदार शालूचा काठ सिंहांवर ओढू लागला. अक्का वळल्या. "काय रे, देवीसमोर सांग. खुर्ची कोनी शे?"

"बंगलानी शे, माय."

आता देवी बाटली म्हणून रडारड होणार, मी धास्तावलो. अक्का मात्र शांत. "गोरा ग्या ना? आते कानबाई बठनी. पन सकाय व्हऊ द्या साहेब, मंग उचला."

मी शिपाई बसवला. सोमवारी विसर्जन झालं, पंचांसमोर जप्ती झाली आणि ठेकेदार जीपमध्ये बसला. कोठडीत माणसाला वकील आठवतो, घरात आई. चौकशीची जागा निवडावी कशी, ते मी त्या दिवशी शिकलो.

नाना पुन्हा कामावर रुजू झाले. कोर्टाच्या आदेशानं खुर्ची बंगल्यावर परतली, तेव्हा सिंहांच्या कपाळी हळदकुंकू तसंच होतं.

"बसा नाना, एकदा तरी!" मी डिवचलं.

नानांनी हात जोडले. "गव्हर्नरची असती तर बसलो असतो, साहेब. आता कानबाईची आहे ना!"