उसाच्या शेंड्याची उंची

सुयोगला उभ्या पिकात पाय टाकवत नाही. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. एखादं मेंढरू कुणाच्या ज्वारीत घुसलं की सगळ्यांनी शिव्या खायच्या, म्हणून घरातल्या पोरांना चालता येऊ लागलं की पहिली शिकवण एकच, बांधावरून चाला. मेंढरं गेली, सुयोग डिप्लोमा करून बारामतीला आमच्या मोजणीच्या ऑफिसात लागला, तरी ती सवय सुटली नाही. "बाबा रे, जमीन मोजायचीय, चरायची नाही," असं आम्ही चिडवायचो. माणूस कामाला वाघ, पण कुणी शाबासकी दिली की चार दिवस स्वारी हवेत असायची.

गेल्या वर्षी इंदापूर तालुक्यातलं काम आलं. कळंब आणि डाळज, दोन्हीकडं रानात पाणी साचून जमिनी चिबड होत चाललेल्या. ते पाणी काढून द्यायला चर खणायचे होते. उतार कुठून कुठं आहे, हे कळायला उपग्रहाच्या रडारनं टिपलेल्या उंच्या आयत्या मिळत होत्या. त्या कितपत खऱ्या, ते सुयोगनं जागेवर जाऊन तपासायचं होतं.

आता या रडारला एक खोड आहे. दाट उसात ते मातीपर्यंत पोचतच नाही, वरच्या पाल्यालाच जमीन समजून मोकळं होतं. सुयोगला हे पक्कं ठाऊक होतं, आम्हाला त्यानंच शिकवलेलं. पण ऊस डोक्यावर गेलेला, पाला अंग कापणारा, आणि लोकांच्या उभ्या पिकात शिरायचं त्याच्या जिवावर आलेलं. त्यानं रस्ते मोजले, पडीक माळ मोजला, शाळेचं मैदान मोजलं. उंच्या छान जुळल्या. 'माहिती विश्वासार्ह' असं त्यानं अहवालात लिहिलं. उसात गेलोच नाही, एवढं मात्र लिहिलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली आणि स्वारी पुन्हा हवेत गेली.

कळंबचा चर आधी झाला. कालव्याला आवर्तन सुटलं, रानं भिजली आणि चरातलं पाणी उलटं फिरून एकाच रानात ठाण मांडून बसलं. रडारला ते रान उंच दिसलं होतं. खरं तर ते सगळ्यात खोलगट, वर फक्त ऊस उंच होता. रान सुयोगच्या सख्ख्या आत्याचं, सारजाबाईचं.

आत्या गावभर सांगत सुटली, "खणणाऱ्यांनी घोळ घातलाय. मोजणी आमच्या सुयोगची हाय, ती चुकायची न्हाय." हे कानावर आल्यापासून सुयोगला डबा गोड लागेना. ऑफिसात कुणी आत्याचं नाव काढलं की उठून बाहेर जायचा. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. शेवटी एका रविवारी मला मोटारसायकलवर मागं बसवून तो कळंबला गेला.

आत्या रानाच्या कडेला उभी होती. ऊस पिवळा पडलेला, सरीत पाणी तसंच. सुयोगनं चप्पल काढली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"आत्या, चूक माझी हाय. रडारला तुझा ऊस दिसला, त्यानं उसाची उंची सांगितली. आत शिरून मातीची उंची घ्यायचं काम माझं हुतं. मी न्हाय शिरलो." बोलता बोलता तो रडायला लागला.

मला वाटलं, आता आत्या जवळ घेईल, चहा होईल, आणि आम्ही हलके होऊन माघारी जाऊ. पण आत्यानं विचारलं,

"डाळजला बी तूच मोजलंस न्हवं?"

"व्हय."

"तितं बी रस्त्यावरनंच?"

सुयोगनं होकारार्थी मान हलवली.

"तितला चर खणला का?"

"न्हाय अजून. पुढच्या आठवड्यात मशीन लागणार हाय."

"मग तुझ्या सायबाला सांगितलंस?"

"न्हाय."

"मग माझ्याकडं कशापायी आलास, लेकरा? माझं रान तर बुडालं. मी आत्या हाय, मी तुला माफ करणारच. ते ठाऊक हुतं म्हणून हितं आलास. डाळजची माणसं माफ करतील का न्हाय, त्येचं भ्या वाटलं तुला."

सुयोगचं रडणं थांबलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्याइतकंच मलाही सगळं माहीत होतं, आणि मीही गप्प बसलो होतो.

त्यानं फोन लावला.

"साहेब, आकडे खरे आहेत, पण मोजायच्या जागा मी सोयीच्या निवडल्या. उसात एकही जागा घेतली नाही. कळंबचं पाणी माझ्यामुळं फिरलं. डाळजचं खणणं थांबवा."

साहेब काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. सुयोग नुसता "हो, साहेब" म्हणत होता, आणि त्यानं फोन ठेवेपर्यंत आत्या त्याच्यासमोरून हलली नाही.