हजेरी घ्या, बाई

रत्नाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात वजाबाकी शिकवत होते. फोन त्यांच्या सुनेचा होता. "बाई, आक्का गेल्या..." एवढंच ती म्हणाली आणि पुढे नुसता मिरजेच्या दवाखान्यातला गलका ऐकू येत राहिला. मला आधी रडू आलं नाही, आधी भीती वाटली. खिडकीबाहेर आभाळ भरून आलेलं, कृष्णा शाळेपासून हाकेच्या अंतरावर, आणि पाणी चढलं की काय करायचं हे ज्या बाईला ठाऊक होतं ती आता नव्हती. माणूस गेल्याच्या क्षणीसुद्धा मला माझीच काळजी पडली, याची लाज वाटली. आज पाच आठवड्यांनी लाज थोडी कमी झाली आहे. भीती तशीच आहे.

मी फलटणकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे कॅनॉलचं, पाळीनं येणारं, ते घरात शिरेल असं कधी मनात आलं नव्हतं. पलूस तालुक्यातल्या या नदीकाठच्या गावात बदली झाली तेव्हा मला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही. रत्नाक्का आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. जैन घरातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, नवरा लवकर गेलेला. अंगानं ठेंगण्या, आवाज मात्र दोन गल्ल्या ओलांडणारा. इथल्या बायकांसारखं त्या "मी आलो, मी गेलो" असं बोलायच्या, त्याचं मला पहिल्या आठवड्यात हसू यायचं. दुसऱ्या महिन्यात पूर आला.

सकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी पाणी होतं, दहापर्यंत ते गुडघ्याला लागलं. ज्यांना गावाबाहेर पडता आलं नाही ते सगळे शाळेच्या गच्चीवर चढले, त्यात मी आणि रत्नाक्काही. खाली जिन्याच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होत होत्या. मुलं किंचाळत होती, आणि सांगायला संकोच वाटतो, पण सगळ्यांत मोठ्यानं मी रडत होते. गल्लीतून कुठल्यातरी म्हशीचं रेकणं सारखं येत होतं... मग ते थांबलं. गच्चीवर कुणी कुणाकडे बघितलं नाही. तेवढ्यात रत्नाक्कांनी माझा दंड धरला.

"हजेरी घ्या, बाई."

"काय?"

"हितं जेवढी माणसं हायत, तेवढ्यांची हजेरी घ्या. नाव घेतलं की माणूस जाग्यावर येतंय."

माझा आवाज चिरकत होता, पण मी एकेक नाव घेतलं. म्हातारी माणसंसुद्धा "हजर" म्हणाली. दर तासाभरानं त्या मला हजेरी घ्यायला लावत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला न्यायला होडी आली तोवर मला सगळ्यांची नावं पाठ झाली होती.

पाणी आठवड्यानं उतरलं. मुलांच्या मनातलं उतरलं नाही. आभाळ काळवंडलं की अख्खा वर्ग दप्तरं पाठीला लावून उभा राहायचा. दुसरीतली स्वरा तर कपड्यांचं एक गाठोडं कायम काखेत घेऊन यायची, जेवताना मांडीवर ठेवायची आणि वर्गात एक अक्षर बोलायची नाही. मी सगळ्यांना सांगायचे, "काही होत नाही, घाबरायचं नाही." आणि घरी जाऊन बदलीचा अर्ज लिहायचे. एकदा रत्नाक्कांनी माझं ते सांगणं ऐकलं. खिचडी वाढता वाढता म्हणाल्या, "खोटं कशाला बोलताय बाई? पोरांनी डोळ्यांनी बगितलंय की." मग पळी ठेवून त्या मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसल्या.

"त्या दिवशी वरडत व्हती ती म्हस माझी व्हती," त्या म्हणाल्या. "दाव्याला बांदलेली. गाठ ओली झाली, सुटंना. पाणी हितवर आलं," त्यांनी छातीला हात लावला, "आन् मी भ्यालो. तिला तशीच सोडून पळालो."

गच्चीवर त्या मला नावं घ्यायला लावत होत्या तेव्हा कानानं काय ऐकत होत्या, ते मला त्या दिवशी कळलं. मग स्वरानं तोंड उघडलं, पुरानंतर पहिल्यांदा. "ती तुमच्यावर रागावली असंल का ओ, आक्का?" रत्नाक्कांनी तिच्या गाठोड्याची गाठ चाचपली. "ठावं न्हाई," म्हणाल्या. "पर गाठ कशी बांदायची ती मी आता शिकलोय. तुला दावू?"

तिथून ते सुरू झालं. एका हिसड्यात सुटणारी सुरगाठ आधी स्वरा शिकली, मग सगळी शाळा. दर शनिवारी सकाळी मुलं पुराचा सराव म्हणून गावाबाहेरच्या उंच माळावर चालत जायची. कुणी औषधांची पिशवी घ्यायची, कुणी कागदपत्रं, कुणी शेजारच्या आजोबांचा हात धरायचा, हे घरोघर वाटून दिलेलं. हळूहळू बायकाही येऊ लागल्या. एक बाप चिडून शाळेत आला, "पोरांच्या डोस्क्यात कशाला हे भरवताय?" रत्नाक्का म्हणाल्या, "डोस्क्यात हायच की रं आदीपास्नं. मी फकस्त हाताला काम देतोय." स्वराचं गाठोडं काही लगेच सुटलं नाही. त्यांनी ते कधी काढून घेतलं नाही, उलट त्यात एक बिस्किटाचा पुडा आणि शिट्टी घातली. म्हणाल्या, आता हे नीट झालं. दिवाळीनंतर एक दिवस ती ते घरी ठेवून आली. माझा अर्ज कपाटातच राहिला.

स्वरा पाचवीत गेली त्या वर्षी पाणी पुन्हा चढलं. तिचे वडील विट्याकडच्या बऱ्याच माणसांसारखे परमुलखात सोनं गाळायच्या दुकानात कामाला. घरी आई, तीही आठ दिवसांची बाळंतीण. स्वरानं तिन्ही जनावरांची दावी सोडली, बाळाला आईच्या पदरात घट्ट बांधलं आणि दोघांना घेऊन माळाची वाट धरली. मी माळावर पोहोचले तेव्हा ती लटलट कापत होती. मी शाबासकी द्यायला गेले, तर म्हणाली, "बाई, मी लय रडलो ओ. रडत रडत सोडली." जसं काही तिनं चूकच केली होती. रत्नाक्कांनी तिला ओल्या कपड्यांनिशी पोटाशी धरलं. "मग? हात चालत व्हते न्हवं?" एवढंच त्या बोलल्या. गुरं शेजारी उभी होती. त्यांच्याकडे मात्र रत्नाक्कांना बघवत नव्हतं.

शेवटची भेट मिरजेला झाली. पोटाचं दुखणं उशिरा कळलं होतं. शस्त्रक्रियेला न्यायच्या आधी त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. "बाई, भ्या वाटतंय." माझ्या ओठांवर ते जुनं वाक्य आलंच होतं, मी गिळलं. "कशाचं, आक्का?" "मरायचं न्हाई ओ. एकटीला त्या खोलीत नेत्यात, त्याचं." मी म्हटलं, दारापर्यंत मी येते. चाकांच्या खाटेबरोबर मी चालत गेले. त्या छताचे दिवे मोजत होत्या. सात झाले, आणि दार आलं.

गेल्या शनिवारी स्वरा शाळेत आली. ती आता पलूसच्या हायस्कुलात आहे. लहानांना माळावर न्यायचं काम रत्नाक्कांनी तिच्यावर सोपवलं होतं. बाहेर भुरभुर चालू होती आणि पोरं रांगेत उभी. ती आधी स्वयंपाकाच्या खोलीत डोकावली. चुलीशेजारी रत्नाक्कांचा लाकडी पाट अजून तसाच आहे. नवी बाई त्यावर बसत नाही, उभ्यानंच शिजवते. स्वरा त्या पाटावर जाऊन बसली आणि गुडघ्यात डोकं घालून हुंदके देऊ लागली. रडू नको, असं मी म्हटलं नाही. तिच्याजवळ फरशीवर बसले. थोड्या वेळानं पहिलीतली एक चिमुरडी दारात आली. "ताई, जायचं न्हवं?"

स्वरानं ओढणीनं तोंड पुसलं. "व्हय," ती म्हणाली, आणि उठली.