गुलाबी पावडर आणि डाव्या काचेवरचा ओरखडा

तीन माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं काचा घासत बसली की किस्से साचतातच. मुद्दाम कोणी जमवत नाही. आमच्या पॉलिशच्या तसराळ्यात तळाला गुलाबी गाळ बसायचा, तसे तेही बसत गेले. आता जरा ढवळतो, बघा काय वर येतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत चष्म्याच्या काचा घासायचा छोटासा कारखाना. शेठ गुजराती आणि कारागीर आम्ही तिघं खानदेशी : वाना आप्पा, भगवान आणि मी. तिघांचेही संसार गावाकडे. सुरतेच्याच गोडादरा वस्तीत तिघांच्या तीन भाड्याच्या खोल्या, प्रत्येकीत एक स्टोव्ह, दोन पातेली. सुरतेत सगळं मिळतं हो, पण सकाळी आपणच लावलेलं कुलूप संध्याकाळी आपणच काढायचं, याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

*

पहिल्या दिवशी आप्पांनी माझ्यापुढे गुलाबी पावडरीचा डबा ठेवला. मला वाटलं, कारखान्यात पूजा आहे!

"गुलाल नाही तो," आप्पा म्हणाले. "सेरियम. सगळं घासून झालं की शेवटचा हात याचा. काचेत आरपार दिसायला लागतं ते याच्यामुळे."

पावडर पाण्यात कालवायची आणि फिरत्या नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या जाड चकतीवर, सोडायची. ती हाताला लागे आणि नखांत तर अशी बसे की साबणाने हलायची नाही. नळाजवळच्या खिडकीत एक नखांचा ब्रश होता. तो रोज कोणी वापरत नसे. इथे आपली नखं बघणार कोण? ज्या दिवशी गावाला जायचं, त्याच दिवशी तो ब्रश खाली यायचा. आप्पा नखं घासताना दिसले की आम्ही समजायचो, आज भुसावळ पॅसेंजर!

*

एकदा पावडरच्या कंपनीचा सेल्समन आला. टाय लावलेला, बोलका.

म्हणाला, "हे रेअर अर्थ आहे. म्हणजे दुर्मीळ! पण गंमत अशी, की नावालाच दुर्मीळ. जमिनीत जवळजवळ तांब्याइतकं सापडतं. फक्त सगळीकडे विखुरलेलं, एका जागी कमी."

आप्पांनी मान डोलावली. "म्हणजे आमच्यासारखंच. सुरतेत खानदेशी माणसं हजारो, पण रविवारी चहाला बोलवायला एक सापडत नाही!"

सेल्समन हसला. मी हसलो नाही, कारण आदल्या रविवारी मीही कुणालातरी शोधत गोडादऱ्यात दोन तास फिरलो होतो.

*

त्याच सेल्समनने सिगारेटच्या लायटरमधला खडा काढून दाखवला. त्यातही सेरियम! कानशीवर घासला तशा ठिणग्या उडाल्या. भगवानने लगेच विडी पुढे केली.

"आणि शुद्ध धातू असेल ना," सेल्समनला आता रंग चढला होता, "तर तो उघड्यावर ठेवता येत नाही. तेलात बुडवून ठेवावा लागतो. नुसता एकटा हवेत ठेवला, की हळूहळू त्याचा भुगा होतो."

आप्पा हातातली काच पुसता पुसता म्हणाले, "मग याची खोलीही गोडादऱ्यालाच आहे वाटतं!"

*

भगवानकडे त्याच्या मुलीचा फोटो होता, काचेच्या फ्रेममध्ये. काच जुनी, धुरकटलेली. एका दुपारी त्याने ती कारखान्यात आणली आणि तासभर पॉलिश केली. ही कुणाची ऑर्डर म्हणून शेठ ओरडला, "अरे, आ कोनो ऑर्डर छे?"

दुसऱ्या दिवशी भगवान तणतणत आला. म्हणे, शेजारच्याने फ्रेमची काच चोरली! म्हणे, सकाळीच त्याच्याशी भांडण करून आलोय!

"मग फोटो?" मी विचारलं.

"फोटो आहे ना. काच गेली."

संध्याकाळी त्याच्याबरोबर खोलीवर गेलो. पोरीच्या गालावर धूळ दिसली म्हणून त्याने पुसायला बोट लावलं, तर बोट काचेवर आपटलं! काच जागच्या जागी होती, फक्त दिसत नव्हती. मग शेजारच्याची माफी मागायला गेला, आणि तिथेच जेवूनही आला. तेवढं एक जेवण त्याला त्या महिन्यात सोबतीने मिळालं.

*

सेरियमची एक खोड आहे. ते पाण्यात विरघळत नाही. ढवळणं थांबलं की तळाला बसतं, आणि पाणी आटलं की दगड होतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतही एक माणूस मागे राहून तसराळी ढवळायचा. तो माणूस दरवर्षी आप्पा. आमची पोरं लहान, म्हणून आम्हाला पाठवायचे. "मला कोण फटाके मागणार आहे?" म्हणायचे.

एकदा परत येऊन विचारलं, "आप्पा, दिवाळी कशी गेली?"

"गोल गोल," आप्पा म्हणाले.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

आप्पांची बायको, आमच्या काकू, अमळनेरजवळच्या गावी एकट्या राहायच्या. त्यांच्या चष्म्याच्या काचा आप्पांनी स्वतः घासलेल्या. दर पाच-सहा महिन्यांनी कुणाच्या तरी हाती तो चष्मा सुरतेला यायचा. डाव्या काचेवर ओरखडा! आप्पा तो पॉलिश करायचे आणि शेठकडे चार दिवस सुट्टी मागायचे. "काच आहे शेठ, दुसऱ्याच्या हाती कशी देऊ? आणि चष्म्यावाचून तिला दिसत नाही."

तो ओरखडा परत बघून शेठ म्हणायचा, "फरी लिसोटो? ए बाई चश्मा साथे करे छे शुं?"

"शेतात धूळ असते शेठ."

धुळीचा ओरखडा असा सरळ नसतो आणि दर वेळी एकाच जागी नसतो, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. पण शेठला ते कोणी सांगितलं नाही.

त्या वर्षी आप्पा काकूंना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येतो म्हणाले होते, पण गेले नाहीत. पोळ्यालाही नाही. मग चष्मा आला. आप्पांनी पॉलिश केला, पण मोठी ऑर्डर लागली होती. शेठ म्हणाला, "आप्पा नहीं, आने मोकलो." म्हणजे मला! आप्पांनी चष्मा रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. काही निरोप आहे का विचारलं, तर म्हणाले, "जपून ने."

काकू ओट्यावरच बसल्या होत्या. चष्मा घेतला, डोळ्याला लावला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"त्या नही वनात?"

"ऑर्डर आहे काकू. सुट्टी मिळाली नाही."

त्यांनी मला पाणी दिलं, भाकरी वाढली. माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिल्या. मग उठून कोनाड्यातून एक गारगोटी काढली. चष्मा मांडीवर धरला आणि माझ्यादेखत डाव्या काचेवर कर्रकन ओढली! एकदा नाही, तीनदा. मग चष्मा त्याच रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"यक ओरखडा ऱ्हाई गया भाऊ. हाऊ त्यासनाच हातमा दे."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी तो रुमाल आप्पांपुढे ठेवला. मशीन चालू होतं, शेठ ऑर्डरची खोकी मोजत उभा होता. आप्पांनी चष्मा ट्यूबलाइटसमोर धरला. ओरखड्यावरून नख फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"बराबर थई जशे ने?" शेठने विचारलं.

आप्पांनी मशीन बंद केलं.

"भलता खोल शे हाऊ," ते मला म्हणाले. "आठे निंघाव नही." म्हणजे, इथे निघणार नाही.

आणि खिडकीतला नखांचा ब्रश घेऊन ते नळाकडे गेले.