दहाव्याची विडी

श्रीवर्धनला आमच्या शेजारच्या काकी दिवसभर ओटीवर विड्या वळतात. मांडीवर सूप. ओलं पान कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचं, तोंड दुमडून दोरा गुंडाळायचा. बोलताना हात थांबत नाही आणि नजर विडीवर नसते. काकांना दम्याने धरलं, तेव्हापासून मात्र त्यांना घरातली एक विडी मिळाली नाही. ते सुपाजवळ घुटमळले, की काकी सूप पदराखाली घ्यायच्या. काका दिवस दिवस रुसून बसायचे.

काकांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या फांदीवर नुसता बसून होता. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, दादाला विडी हवी हाय. ठेव एक."

"न्हाय. डॉक्टर नको बोललेत," काकी म्हणाल्या.

त्या हलल्या नाहीत. कावळाही हलला नाही.